निरोप्याची मर्यादा

लोहगडाच्या विंचूकाट्यावर जाऊन उभे राहिले म्हणजे मावळची रचना एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते. उत्तरेस इंद्रायणीचे खोरे, त्यातून जाणारा लोहमार्ग, जुना हमरस्ता आणि अलीकडचा द्रुतगती मार्ग. दक्षिणेस पवनेचे खोरे, धरणाचे पाणी, आणि त्या पाण्याच्या काठांवर पहारा देत असल्यासारखे तुंग व तिकोना. दोन्ही खोऱ्यांच्या मधोमध लोहगड-विसापूरची भिंत. मळवलीचा माणूस आणि पवनानगरचा माणूस ह्यांच्यामधील सरळ अंतर असे ते काय! परंतु दोघांच्याही हाती वॉकीटॉकीचा संच दिला आणि बोला म्हटले, तर एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी पडणार नाही. ह्या संचांच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की त्या तेथेच थांबतात. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन खोरी एका तालुक्यात असूनही अशा बोलण्याच्या दृष्टीने तीन निरनिराळे देश आहेत.

ह्या अडचणीवरचा उपायही डोंगरानेच सुचविलेला आहे. जो डोंगर दोघांच्या आड येतो, तोच दोघांना दिसतोही. त्याच्या माथ्यावर एक तिसरा संच ठेवावा. त्याने एका वारंवारतेवर ऐकावे आणि ऐकलेला शब्द त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर, अधिक जोराने, पुन्हा उच्चारावा. ह्या मध्यस्थ यंत्रास रिपीटर म्हणतात. पुनरुच्चारक असा प्रतिशब्द देता येईल. पण आम्हांस विचाराल तर आपल्या भाषेत त्याला जुनाच एक शब्द आहे, तो म्हणजे निरोप्या. आता असा एक निरोप्या मावळातल्या डोंगरावर, दुसरा पुण्याजवळच्या, तिसरा साताऱ्याकडच्या डोंगरावर बसविला आणि तिघांना एकमेकांशी जोडून दिले, तर लोणावळ्याच्या बाजारात उभा असलेला मनुष्य मुठीएवढ्या संचावरून कृष्णाकाठच्या माणसाशी बोलू शकेल. यंत्रविद्येस हे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते पुढेच. एकाच्या दारातले बोलणे दहा जणांच्या दारांत नेऊन सोडावयाचे, तर ते कोणाच्या अनुज्ञेने? किती वेळ? आणि त्या वेळात त्या दहा दारांपैकी एखाद्यातून कोणी हाक मारली, तर ती ऐकावयाची कोणी?

आजच्या व्याख्यानात आम्ही ह्याच प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, निरोप पुढे नेण्याची यंत्रे नवी असली तरी निरोप्याची मर्यादा फार जुनी आहे. आणि ज्यांनी ज्यांनी ती सोडली त्यांना त्याचे मोल मोजावे लागले आहे.

आरंभ शिवकालापासून करू. मावळ हा शब्द आज आपण एका तालुक्यापुरता वापरतो. त्या काळी बारा मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांची एक मालिकाच होती आणि राजगड हा त्यांपैकी गुंजण मावळातला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा गडावरच्या पागेची घरे पेटवून देण्यात आली आणि तो उजेड पाहून राजगडावर महाराजांनी गड फत्ते झाल्याचे जाणले, असे सभासद सांगतो. त्याआधी दहा वर्षे, जुलै १६६० मध्ये, महाराज विशाळगडावर पोहोचल्याची वर्दी तोफेच्या आवाजांनी घोडखिंडीत बाजीप्रभूंना मिळाली, ही परंपरा तर महाराष्ट्रात मुलाबाळांच्याही तोंडी आहे.

ह्या दोन्ही कथा आपण शौर्याच्या म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु संदेशाच्या दृष्टीने त्या पुन्हा ऐकून पाहा. जाळ हा काही शब्द नव्हे. तोफेचा बार हाही शब्द नव्हे. त्यांना अर्थ आला तो दोन्ही टोकांच्या माणसांना तो अर्थ ठाऊक होता म्हणून. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या रात्री सह्याद्रीच्या प्रत्येक माथ्यावर कोणी हौसेने शेकोट्या पेटवून बसले असते, तर कोंढाण्यावरचा जाळ राजगडावरून ओळखताच आला नसता. उजेडाला किंमत होती ती भोवतालच्या अंधारामुळे. संदेश पोहोचावा म्हणून एकाने बोलावे लागते, आणि बाकीच्या सर्वांनी गप्प राहावे लागते. मर्यादेचे पहिले कलम हे एवढेच आहे.

दुसरे कलम पाहावयाचे तर आपल्याला बोरघाटात उतरावे लागेल. खंडाळ्याहून खाली जाणारा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सुमारे पंधरा-सोळा मैलांच्या अंतरात अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे, असे ते काम होते. सदतीस फुटांत एक फूट अशा उतारावरून गाडी खाली येऊ लागली आणि तिचे ब्रेक निकामी झाले तर काय होईल, हा विचार घाटाच्या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे. म्हणून उतरत्या मार्गावर जागोजागी चढणीच्या बाजूस फाटे काढून ठेवलेले असतात. भरकटलेली गाडी त्या फाट्यात शिरून चढावर आपोआप मंदावते. रेल्वेची माणसे त्याला कॅच सायडिंग म्हणतात. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी ही नावे घाटातून प्रवास करणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असतात. गाडी तेथे क्षणभर का थांबते हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

ह्या फाट्यांची खुबी अशी की, रूळांचा सांधा नेहमी फाट्याच्या बाजूसच लावलेला असतो. मुख्य मार्ग मोकळा असणे ही तेथील नित्याची स्थिती नव्हे. गाडीने यावे, थांबावे, आपण ताब्यात आहोत हे दाखवावे, आणि मगच सांधा मुख्य मार्गास जोडला जावा, असा तो नियम आहे. सपाटीवरच्या स्थानकांतही पुढच्या स्थानकाने मार्ग मोकळा असल्याची ग्वाही दिल्यावाचून मागच्याने गाडी सोडावयाची नसते. दोन स्थानके जोडलेली आहेत म्हणून कोणीही केव्हाही गाडी ढकलावी, असे चालत नाही. जोडणी ही मागितल्यावर मिळते आणि काम होताच सुटते. न मागता सदैव असते ती तुटलेली स्थिती. हे मर्यादेचे दुसरे कलम. लोणावळा-खंडाळ्याच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या दारातून जाताना पाहिले आहे.

तिसरे कलम शिकण्यासाठी मात्र आपल्याला मावळ सोडून फार दूर, उत्तर अटलांटिक महासागरात जावे लागते, कारण ते तेथे फार मोठी किंमत देऊन शिकले गेले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाजाच्या बिनतारी खोलीत जॅक फिलिप्स हा तरुण प्रवाशांच्या तारांचा ढीग उपसत होता. खुशालीच्या, भेटीगाठींच्या अशा त्या तारा न्यू फाउंडलंडच्या केप रेस केंद्रामार्फत पुढे जावयाच्या होत्या. म्हणजे फिलिप्सही त्या घटकेला निरोप्याचेच काम करीत होता. इतक्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन ह्या जहाजाच्या सिरिल इव्हान्स ह्या बिनतारीवाल्याने, आपण बर्फात अडकून थांबलो आहोत, असे सांगावयास प्रारंभ केला. जहाज जवळ असल्यामुळे त्याचा आवाज फिलिप्सच्या कानांत फार मोठ्याने घुमला आणि केप रेसचा क्षीण आवाज त्यात बुडाला. फिलिप्सने त्याला झिडकारले आणि गप्प राहावयास सांगितले. इव्हान्सने काही वेळ ऐकले, यंत्र बंद केले आणि तो झोपावयास गेला. त्यानंतर थोड्याच मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. आता फिलिप्सने मदतीच्या हाका मारावयास आरंभ केला तेव्हा सर्वांत जवळचा कान मिटलेला होता. दीड हजारांहून अधिक माणसे त्या रात्री गेली. फिलिप्स शेवटपर्यंत यंत्रापाशी बसून हाका मारीत राहिला आणि त्याचाही त्यात अंत झाला. तेव्हा त्याला दूषण देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, खुशालीच्या निरोपांनी वाट इतकी भरलेली होती की इशाऱ्याला आत शिरावयास फट उरली नव्हती.

जगाने ह्यातून धडा घेतला. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजांच्या संकटवारंवारतेवर प्रत्येक तासात दोन वेळा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटे, मौन पाळण्याची पद्धत घालून दिली. बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तेवढे दोन भाग तांबड्या रंगाने रंगविलेले असत. काटा तांबड्यात शिरला की सगळ्या समुद्रावरच्या बिनतारीवाल्यांनी हात आखडून कान द्यावयाचा. न जाणो, एखादा क्षीण आवाज आपल्याला हाक मारीत असेल! माणसाने मौनाचीही वेळ घड्याळात आखून ठेवावी, ह्यापरते बोलण्याच्या मर्यादेचे सुंदर चित्र आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड ह्यांच्यामध्ये शलाका-पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे बोलण्याचे केंद्र पुण्याशेजारी खडकीस होते आणि ऐकण्याचे केंद्र तेथून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर दौंडला होते. इंग्लंडातही तीच तऱ्हा. बोलावयाचे ग्रिम्सबीहून, ऐकावयाचे स्केगनेसला. एकाच इमारतीत दोन्ही कामे का केली नाहीत, असे वाटेल. त्याचे कारण सोपे आहे. प्रचंड शक्तीने ओरडणाऱ्याच्या शेजारी बसून हजारो मैलांवरची कुजबुज ऐकू येत नाही. म्हणून तोंड खडकीला आणि कान दौंडला! डोंगरावरच्या रिपीटरलाही हीच अडचण असते; फक्त तेथे तोंड आणि कान एकाच पेटीत कोंबावयाचे असल्यामुळे त्यांच्यात मैलांचे अंतर ठेवता येत नाही, ते वारंवारतेचे ठेवावे लागते. हौशी लोकांच्या दोन मीटर पट्ट्यात हे अंतर बहुधा सहाशे किलोहर्ट्‌झ असते, आणि मध्ये धातूच्या पोकळ नळकांड्यांची चाळणी बसवून तोंडाचा आवाज कानात शिरू न देण्याची व्यवस्था केलेली असते. यंत्राला जे सांगावे लागते ते माणसालाही सांगावयास हवे, की स्वतःच्या आवाजाने स्वतःचा कान बधिर होऊ देऊ नये.

हौशी लोक असे आम्ही म्हटले, त्यांची ओळख करून दिली पाहिजे. बिनतारी यंत्र धंद्यासाठी नव्हे, सरकारी कामासाठीही नव्हे, तर विद्येच्या आणि स्नेहाच्या आवडीने चालविणारे जे परवानाधारक असतात त्यांना जगभर हॅम म्हणतात. हिंदुस्थानात अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांनी १९२१ साली असा पहिला परवाना मिळविला, आणि त्याच सुमारास मुकुल बोस हेही ह्या क्षेत्रात आले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा सरकारने नवे परवाने देणे बंद केले आणि असलेल्यांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सोडले. बोलण्याचा अधिकार दिलेला असतो तसा तो काढूनही घेता येतो, हे त्या पिढीने अनुभवले. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा ह्याच विद्येतली माणसे त्यांच्या साह्यास आली. जागा बदलत बदलत ते केंद्र नोव्हेंबर १९४२ पर्यंत बोलत राहिले. कायदा मोडण्याचेही एक व्रत असते, आणि त्याची शिक्षा भोगण्याची तयारी ठेवूनच त्या मंडळींनी ते घेतले होते. आज स्वतंत्र देशात कोणी गंमत म्हणून परवान्यावाचून डोंगरावर यंत्र बसविले आणि त्या मंडळींचे नाव सांगितले, तर तो त्यांचा वारसा म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर, १५ मे १९४८ रोजी, महू येथील सिग्नल्सच्या विद्यालयात अखिल भारतीय स्वरूपाचा हौशी रेडिओ क्लब स्थापन झाला. १९७८ साली हौशी सेवेचे स्वतंत्र नियम झाले. परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, आपले संकेतनाव सांगून बोलावे, धंद्याचे बोलू नये, गाणी लावू नयेत, दुसऱ्याचा कानी पडलेला निरोप फोडू नये, असा ह्या सेवेचा सर्वसाधारण धर्म आहे. बिनापरवाना वापरता येतील असे लहान शक्तीचे पट्टे सरकारने निराळे दिलेले आहेत. २७ मेगाहर्ट्‌झजवळचा नागरिक-पट्टा २००५ साली आणि ४४६ मेगाहर्ट्‌झजवळचा एक चिंचोळा पट्टा २०१८ साली. परंतु तेथे शक्तीची मर्यादा आहे, आणि ते पट्टे समोरासमोरच्या बोलण्यासाठी आहेत. डोंगरावर निरोप्या बसवून गावोगावचे बोलणे जोडण्यासाठी नव्हेत. बाजारातून आणलेला प्रत्येक संच कायदेशीर असतो, अशी समजूत मावळात भटकंतीस येणाऱ्या तरुणांत फार पसरली आहे. ती सोडावी हे बरे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ह्या संचांच्या संगणकी विक्रीबाबत मार्गदर्शक नियम काढावे लागले, ते ह्याच कारणाने.

येथे कोणी श्रोता म्हणेल की, जोडणीत एवढे अवघड ते काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून तोच कार्यक्रम पुण्यात दिसू लागला. मुंबई आणि सिंहगड जोडले गेले, घाट ओलांडला गेला, कोणाची तक्रार झाली नाही. हे खरे आहे. परंतु ती जोडणी एकमार्गी होती. मुंबईने बोलावे आणि पुण्याने पाहावे! जेथे एकच बोलणारा आणि बाकी सारे श्रोते, तेथे शिष्टाचाराचा प्रश्न आमच्या ह्या सभेसारखाच सोपा असतो. वक्त्याने आवरते घ्यावे एवढीच काय ती अपेक्षा. जेथे प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार आहे पण एका वेळी एकालाच बोलता येते, तेथे खरा प्रश्न उभा राहतो. रिपीटरची वाट घाटातल्या एकेरी रस्त्यासारखी असते. समोरची गाडी निघून गेल्यावाचून आपली गाडी घालता येत नाही. अशा दहा वाटा एकमेकींना जोडल्या की दहा ठिकाणची वाहतूक त्या एकाच गाडीसाठी थांबते.

१९९७ साली कॅनडातील डेव्हिड कॅमेरॉन ह्यांनी इंटरनेटच्या आधारे दूरदूरचे रिपीटर जोडण्याची एक पद्धत तयार केली. २००२ साली अमेरिकेतील जॉनथन टेलर ह्यांची एकोलिंक ही पद्धत आली. आता डोंगराला डोंगर दिसण्याचीही आवश्यकता उरली नाही. हातातला संच आणि सात समुद्रांपलीकडचा मनुष्य! हौशी मनाला ह्याची भुरळ पडली तर नवल नाही. पण ज्या सोयीने अंतर नाहीसे झाले त्याच सोयीने आवरही नाहीसा झाला. अमेरिकेत कुटुंबांसाठी अशी एक निराळी रेडिओसेवा आहे. दहा वर्षांच्या एका परवान्यात सारे घर बोलू शकते. तिच्यात रिपीटरसाठी वारंवारतांच्या जोड्या सगळ्या मिळून आठच आहेत. लोकांनी राज्येच्या राज्ये जोडणाऱ्या साखळ्या बांधल्या, तेव्हा ज्याला शेजारच्या शेतातल्या मुलाला जेवावयास हाक मारावयाची त्याला मोकळी जोडी सापडेना. तंटा लागला, आणि अशी जोडणी नियमांत बसते की नाही हा वाद नियामक मंडळाच्या दारी गेला. तेथील कायदा आपल्याला लागू नाही. परंतु आठ विहिरींचे पाणी एकाच पाटाला लावले म्हणजे भोवतालची शेते कोरडी राहतात, हे समजावयास अमेरिकन कायदा वाचावा लागत नाही.

तर मग जोडणाऱ्याने काय करावे? जगभरच्या जबाबदार हौशी मंडळींत जे संकेत रूढ झाले आहेत ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट अनुज्ञेची. डोंगरावरचा प्रत्येक निरोप्या कोणाच्या तरी परवान्यावर, कोणाच्या तरी खर्चाने आणि पावसाळ्यात गड चढून बॅटरी बदलणाऱ्या कोणाच्या तरी पायांनी चालत असतो. त्याच्यावरून जे जाईल त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या चालकांचा होकार हवा. एकाचा होकार म्हणजे दोघांचा नव्हे. लग्न ठरविताना आपण एवढे तरी पाळतोच.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. जोडण्याची कळ दाबण्याआधी काही वेळ नुसते ऐकावे. तेथे कोणाचे बोलणे चालले असेल तर ते पुरे होऊ द्यावे. मग आपले संकेतनाव सांगावे, कोणता रिपीटर कोणाशी आणि कशासाठी जोडीत आहोत ते सांगावे; आणि सोडतानाही तसेच सांगून सोडावे. न सांगता जोडणे हे परक्याच्या ओसरीवर जोडे घालून चढण्यासारखे आहे, आणि न सांगता सोडणे हे पंगतीतून मध्येच उठण्यासारखे.

तिसरी गोष्ट, काम झाले की सोडणे. बोरघाटातल्या सांध्याप्रमाणे नित्याची स्थिती तुटलेली असावी. जे बोलणे समोरासमोर होण्यासारखे आहे ते रिपीटरवर आणू नये. जे एका रिपीटरवर भागते ते दोघांवर नेऊ नये. लोणावळ्याच्या दोघा मित्रांनी वळवणच्या धरणावर किती वाजता भेटावयाचे हे ठरविताना साऱ्या दख्खनने ते ऐकण्याचे प्रयोजन नाही.

चौथी गोष्ट फेरा टाळण्याची. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला जोडला गेला, तर एकच शब्द गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत राहतो आणि साऱ्या वाटा अडवून बसतो. म्हणून कोण कोणाला जोडलेला आहे ह्याची नोंद सर्वांना ठाऊक असावी आणि साखळी तोडण्याचा अधिकार प्रत्येक चालकाच्या हाती असावा.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सारा प्रपंच. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने लगेच सुरू करू नये. मध्ये दोन-तीन क्षण जाऊ द्यावेत. जोडलेल्या साखळीत तर थोडे अधिकच, कारण शब्दाला टोकापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. एखादा बोलतच राहिला तर रिपीटरमधले घड्याळ, बहुधा तीनेक मिनिटांनी, त्याचा आवाज आपोआप बंद करते. टायटॅनिकनंतरच्या त्या तांबड्या तीन मिनिटांशी ह्याचा काही संबंध नाही. पण हेतू दोहोंचा एकच आहे. ती फट कशासाठी? तर तिच्यातून कोणाला हाक मारता यावी म्हणून.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने गावेच्या गावे झोपेत गाडली, तेव्हा हौशी बिनतारीवाले संच घेऊन तेथे गेले होते. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीची लाट आली त्या दिवशी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर होते. दूरदूरच्या देशांतले लोक त्या दुर्मीळ केंद्राशी दोन शब्द बोलावयास मिळावेत म्हणून रांगेत होते. त्या मंडळींनी आपली मोहीम तेथेच थांबविली आणि तीच यंत्रे बेटांवरच्या माणसांची खबर देण्याघेण्याच्या कामास लावली. ज्याला हौशीचे बोलणे क्षणात थांबविता येते, त्याच्याच हाती संकटाचे बोलणे सोपविता येते.

आणि आपल्या घाटाखालचे उदाहरण तर ताजे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. बचावाची माणसे भर पावसात, अंधारात, डोंगर चढून वर गेली. मावळातही अशा वाड्या डोंगरांच्या कुशीत पुष्कळ आहेत. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मंडळी दरीत पडलेल्याला आणि धुक्यात वाट चुकलेल्याला शोधावयास वर्षानुवर्षे जात आली आहेत. कल्पना करा की श्रावणातल्या अशाच एका रात्री, लोहगडाच्या मागच्या बाजूस, बॅटरी संपत आलेला संच घेऊन कोणी उभा आहे. मोबाइलला तेथे आवाज नाही. डोंगरावरचा निरोप्या त्याला ऐकू येतो आहे. पण त्यावर तीन जिल्ह्यांतली मंडळी एकमेकांना हवापाणी विचारीत आहेत, आणि एकाचा शब्द संपतो न संपतो तोच दुसरा उचलतो आहे. त्यांतला कोणीही दुष्ट नाही. सारे सभ्य, परवानाधारक, स्नेहशील गृहस्थ आहेत. त्यांनी केवळ दोन क्षणांची फट ठेवलेली नाही. फिलिप्सचा तरी ह्याहून निराळा अपराध कोणता होता?

म्हणून आम्हांस वाटते की, ज्याला डोंगर जोडावयाचे आहेत त्याने यंत्राची माहिती करून घेण्यापूर्वी मौनाचा अभ्यास करावा. आपल्या समाजात बोलण्याची साधने दिवसेंदिवस वाढत आहेत. ऐकण्याची मात्र होती तेवढीच आहेत, दोन कान. मध्यस्थ यंत्र कितीही उंचावर ठेवले तरी ते आपल्या मनाने काही ऐकत नाही. ते फक्त पुन्हा उच्चारते. ऐकणारा शेवटी माणूसच असावा लागतो.

राजगडावरून त्या रात्री कोणी तरी अंधारात डोळे लावून बसले होते, म्हणून कोंढाण्यावरचा जाळ दिसला. तो जाळ पेटविणाऱ्यांची नावे इतिहासाने राखली, आणि ते उचितच झाले. परंतु भोवतालच्या ज्या गडांवर त्या रात्री कोणी काही पेटविले नाही, त्यांचाही त्या संदेशात वाटा होता, हे आपण विसरू नये.